दीडचा मिस कॉल

निसळ साहेबांनी माझं नाक नासवलं, हे मी आधीच सांगून टाकतो. साखर कारखान्याच्या लॅबोरेटरीत जन्म काढलेल्या माणसाला मळीचा वास म्हणजे घरचाच. तो येतोय हे कळतसुद्धा नाही. देवळाली प्रवऱ्यात पाहुणे येतात, नाकाला रुमाल लावून विचारतात, "हा कसला वास हो?" आम्ही म्हणतो, "कसला?" पण गेली काही वर्षं हंगाम सुरू झाला, बॉयलर पेटला, की मी ओट्यावर बसून हवा हुंगत राहतो. मळीच्या वासाखाली आणखी एखादा वास दबून बसलाय का, ते बघतो. बायको म्हणते, "काय कुत्र्यावानी हुंगताय?" तिला काय सांगणार? आमच्या गावापासून समुद्र केवढा लांब, तरी कधीकधी खारवलेल्या मासळीचा वास येतो, शपथेवर सांगतो. आणि दुपारचा दीड वाजत आला की माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

दत्तात्रय रामचंद्र निसळ हे आमच्या कारखान्याचे चीफ केमिस्ट आणि मी त्यांच्या हाताखालचा. बुटके, वाळकुडे, कायम पांढरा हाफ शर्ट. खिशात पेन नसेल एखाद्या दिवशी, पण रिफ्रॅक्टोमीटर असायचाच. रसातली साखर बघायची ती वीतभर दुर्बीण. काचेवर रसाचा थेंब टाकायचा, उजेडाकडे तोंड करून डोळा लावायचा, आत निळ्या-पांढऱ्या रेघेवर आकडा दिसतो. गावातल्या चांभाराकडून त्यांनी तिला चामड्याची पिशवी शिवून घेतली होती. उसाच्या रसाचं सोडा, या माणसानं लग्नातल्या जिलबीचा पाक मोजला, आठवडे बाजारात कलिंगडवाल्याला रडकुंडीला आणलं आणि घरी काकू होत्या तोवर काकूंचा चहासुद्धा मोजून झाला. काकूंनी एकदा ती दुर्बीण दोन दिवस तांदळाच्या डब्यात लपवून ठेवली होती.

पण यंत्र दुसरं. पहिली जीभ. "आधी जीभ, कदम, मग यंत्र. यंत्र बिघडलं तर ते आपण होऊन सांगत नाही." नमुना आला की करंगळी बुडवून जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि आकडा बोलायचे. मग मी मोजायचो. फरक पडला तर दशांश चिन्हाच्या पुढे. माणसांनाही ते नमुनाच म्हणत. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा मी मुद्दाम साहेबांना बोलावलं होतं. चहा-पोहे झाले, पोरगा हात धुवायला उठला, तसे साहेब माझ्या कानाशी आले, "नमुना ठीक आहे. थोडा पातळ आहे, पण आटेल." जावई आता शंभर किलोचा झालाय.

साहेब घरचे भिक्षुकीवाले. थोरले बंधू अजून पारनेरला पूजाअर्चा सांगतात. साहेबांना चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा चालत नसे. कॅन्टीनमध्ये कुणी अंडा-भुर्जी मागवली की ते आपला डबा उचलून पलीकडच्या टेबलावर जात. राग नाही, उपदेश नाही, नुसते उठून जात. अशा माणसाच्या नावावर पुढं मासळी लिहिलेली होती. नशीब म्हणायचं, दुसरं काय.

त्यांचा शब्द कसा होता ते कळायला गयाबाईची गोष्ट सांगायला पाहिजे. कारखान्याच्या सांडपाण्याचा पाट गयाबाईच्या मळ्याकडेनं जायचा. एका वर्षी ती लॅबमध्ये येऊन दारातच बसली. "सायेब, माज्या हिरीत मळी उतरंल. मंग मी पिऊ काय?" साहेब जाऊन पाट बघून आले आणि म्हणाले, "नाही उतरणार. माझा शब्द." आणि त्याच उन्हाळ्यात पाटाची कड फुटली, विहिरीचं पाणी चहासारखं झालं. साहेबांनी वर कागद पाठवले, ते कागदाच्या गतीनं गेले. मग साहेबांनी काय करावं? स्कूटरला दोन कॅन बांधले आणि रोज सकाळी कामावर येण्याआधी गयाबाईला घरचं पाणी नेऊन द्यायला लागले. पाऊस पडून विहीर निवळेपर्यंत. आम्ही हसायचो. "साहेब, तुमी काय पाट फोडला व्हय?" ते म्हणत, "पाट मी फोडला नाही. शब्द मी दिला."

ते निवृत्त झाले, वर्षभरात काकू गेल्या. मुलगी पुण्याला, तिच्याकडे काही ते रमेनात. रिकामा माणूस आणि हुशार माणूस, दोन्ही एकाच घरात एकटा. अशा वेळी विलास आला.

विलास आमच्याच गावचा. पंप विकायला म्हणून आफ्रिकेत गेलेला आणि तिकडं गांबिया नावाच्या देशात जम बसवलेला. येताना तो चकचकीत इंग्रजी पुस्तिका घेऊन आला: तिथल्या मत्स्यव्यवसायातल्या गुंतवणुकीच्या संधी. मंगल कार्यालयात सभा भरली. उसाचे बागायतदार, सोसायटीचे लोक, आम्ही निवृत्त मंडळी. विलासनं पडद्यावर नकाशा दाखवला. देश म्हणजे एका नदीच्या दोन्ही काठांवरची चिंचोळी पट्टी आणि पुढं समुद्र. "आपल्या जिल्ह्यापेक्षा ल्हान हाय," तो म्हणाला आणि सगळ्यांना एकदम आपुलकी वाटली. नदी मधून जाते म्हटल्यावर तर प्रवराच आठवली. नाहीतर आम्हाला मासा म्हणजे भंडारदऱ्याला सहल गेली की तळून खायचा, एवढीच ओळख.

पुस्तिका मराठीत करायचं काम साहेबांकडं आलं. आठ दिवस ओसरीवर डिक्शनरी घेऊन बसले होते. इंग्रजीत होतं 'फिश मील', म्हणजे मासळी वाळवून, दळून केलेली भरड, कोंबड्यांच्या आणि तळ्यातल्या माशांच्या खाद्यासाठी. आमच्या लोकांनी ऐकलं 'मिल'. साखरेची मिल असते तशी मासळीची मिल. साहेबांनी शब्द बरोबर लिहिला होता, पण प्रक्रियेची क्षमता लिहायची वेळ आली तेव्हा त्यांचा हात सवयीनं चालला. त्यांनी लिहिलं, 'दैनिक गाळप क्षमता'. आणि पुस्तिकेत होतं की तिथल्या समुद्रात जास्तीची मासळी आहे, तिचा उपयोग होत नाही. त्याचं त्यांनी केलं, 'शिल्लक मासळी'.

आता हे दोन शब्द आमच्या भागात काय करतात ते बाहेरच्याला नाही कळायचं. गाळपाविना शेतात शिल्लक उभा राहिलेला ऊस म्हणजे काळीज कापणारी गोष्ट. तुरा आलेला ऊस वाळताना बघितलेली माणसं ती. पुढच्या सभेत साहेबांची पुस्तिका वाचली, तशी त्यांच्या डोळ्यांपुढं अख्खा समुद्रच शिल्लक उभा राहिला. एक म्हातारे बागायतदार उठून कळवळून म्हणाले, "आरारा, येवढी मासळी गाळपाबिगर ऱ्हाती?" दुसरा म्हणाला, "न्हाई लागण, न्हाई खत, न्हाई लाईटीची वाट बघनं. निस्ती तोडणी." हशा झाला. त्या दिवशी बहुतेकांनी विलासच्या मासळी कारखान्याचे शेअर घेतले. मीही घेतले. साहेबांनीही घेतले आणि वर लॅबोरेटरीचे प्रमुख म्हणून स्वतः तिकडं जायला तयार झाले. जिभेला काम मिळतंय म्हणून खूश होते बिचारे.

तिकडची हकीकत मला फोनवर कळायची, बाकीची ते आल्यावर कळली. किनाऱ्यावरचं एक गाव. रंगवलेल्या लांब लाकडी होड्या सकाळी येतात. बायका पाण्यात कमरेएवढ्या जाऊन टोपल्यांत मासळी घेतात. बोंगा नावाचा मासा. तो मातीच्या भट्ट्यांवर, जाळ्यांवर मांडून धुरी देऊन सुकवायचा आणि आत गावोगाव विकायचा. सगळा देश भाताबरोबर तो खातो. ज्याला काही परवडत नाही त्यालाही बोंगा परवडतो. आपल्याकडं भाकरीबरोबर ठेचा असतो, तसं.

कारखान्याची जागा ठरायच्या आधी गावाची बैठक झाली. तिथं फातू नावाची एक बाई उठली. पन्नाशीची असेल, साहेब म्हणायचे, उंच, आणि धुरानं डोळे कायम लाल. इंग्रजी कामापुरतं यायचं. ती म्हणाली, "होड्या तुमच्याकडं वळल्या तर आम्ही धुरी कशाला द्यायची?" विलास काहीतरी विकासाबिकासाचं बोलायला लागला. साहेब मध्येच उठले. त्यांना वाटलं, सोपं आहे. आमच्या कारखान्यात सभासदाला दिवाळीची साखर आधी मिळते, मग बाकी साखर बाहेर जाते. ते म्हणाले, "रोज पहिल्या होड्या तुमच्या. तुमच्या टोपल्या भरल्या की मगच आमचं गाळप. माझा शब्द." दुभाष्यानं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. फातूनं मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत, ती साहेबांकडं बघत राहिली.

पुढं त्यांची गट्टी जमली. ती त्यांना 'शुगर मॅन' म्हणायची. त्यांच्या दुर्बिणीला डोळा लावून तिनं समुद्राच्या पाण्याचा थेंब बघितला आणि विचारलं, हे काय सांगतं? साहेब म्हणाले, थोडंसं गोड दाखवतंय, पण ते मीठ आहे, यंत्र फसतं. ती पोट धरून हसली. साहेब मासा खात नाहीत म्हणून ती त्यांच्यासाठी दाण्याची आमटी वेगळी काढून ठेवायची, मासळी घालायच्या आधी. "कदम, अगदी आपल्या एकादशीची आमटी रे," ते फोनवर म्हणाले होते, "फक्त वरई नाही, भात." तिकडं आभार मानताना 'अबराका' म्हणतात. परत आल्यावर ते दूधवाल्यालाही अबराका म्हणायचे.

पहिल्या होड्यांचा नियम आठ दिवस टिकला. कारखाना रोख आणि जास्त भाव द्यायचा, होडीवाले सरळ तिकडं वळले. साहेब भल्या सकाळी किनाऱ्यावर जाऊन हात आडवे करून उभे राहायचे. ऐंशी पौंडांचं बामण, कोण थांबतंय? लॅबमध्ये पहिला नमुना आला तेव्हा त्यांना कळलं की ही काही डोकी-शेपट्यांची, नासकी, उरलीसुरली मासळी नाही. तोच बोंगा. अख्खा, ताजा. शिल्लक काही नव्हतंच. त्यांनी विलासला गाठलं. विलास वाईट माणूस नाही, हेही सांगतो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमचं सगळं खरं हाय. पन ते लोक आपले सभासद न्हाईत. ऊसवाला सभासद असतो. हे निस्ते इकणारे."

साहेबांना हे आधी सुचलं नव्हतं. एवढा हुशार माणूस, पण चाळीस वर्षं सहकारात काढलेली, त्यांना वाटायचं जिथं गाळप असतं तिथं सभासद असतोच.

त्यांनी राजीनामा दिला. निघताना फातूला भेटायला गेले. तिच्या भट्टीवरच्या जाळ्या निम्म्या रिकाम्या होत्या. ती भांडली नाही. तिनं धुरावलेला एक बोंगा वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "घरी दाखव. आम्ही काय खातो ते." साहेब म्हणाले, "मी घरी जाऊन ठराव करून घेतो. पहिल्या होड्या तुमच्या, हे लेखी करून घेतो. तोवर इथं काय चाललंय ते मला कळेल, अशी काहीतरी खूण ठेवू." आणि इथं त्यांनी तिला आपल्याकडची युक्ती शिकवली. मिस कॉल. वाजवायचा, उचलायच्या आत बंद करायचा, पैसा लागत नाही. "ज्या दिवशी पहिली होडी तुम्हाला मिळणार नाही, त्या दिवशी मला मिस कॉल दे. मिळाली तर नको देऊ."

तिकडं सकाळचे आठ वाजतात, होड्या लागतात, तेव्हा आपल्याकडं दुपारचा दीड.

साहेब देवळालीत परत आले आणि दुसऱ्याच दिवशी दीड वाजता फोन वाजला. तिसऱ्या दिवशी वाजला. रोज वाजला. मी पुष्कळदा तिथं असायचो. ताट वाढलेलं, साहेब हात धुऊन बसलेले, फोन ताटाशेजारी. वाजायचा, दोन वेळा घरघरायचा, गप्प व्हायचा. साहेब म्हणायचे, "ऐकलंस?" जसं काही मी बहिरा आहे. मग परत उठून हात धुवायचे, साबण लावून, कोपरापर्यंत. "वास येतोय का रे हाताला?" मी हुंगून सांगायचो, नाही. ते म्हणायचे, "नीट बघ." नीट बघितलं की यायचा. खरंच यायचा. तिथंच माझं नाक बिघडलं. मी एकदा वैतागून म्हणालो, "साहेब, त्या वेळी फोन बंद ठेवा की." ते म्हणाले, "विहीर बघायची नाही म्हणून ती निवळते का?"

मासळी कारखान्याच्या भागधारकांची वार्षिक सभा त्याच मंगल कार्यालयात. साहेबांनी ठराव मांडायची परवानगी मागितली आणि स्टेजवरच्या टेबलावर दोन गोष्टी ठेवल्या. एका कागदात तो बोंगा, काळपट, वाळून लाकूड झालेला. दुसऱ्या पिशवीत तपकिरी भरड. पुढच्या दोन रांगांनी नाकं दाबली.

साहेब माईकवर म्हणाले, "मी केमिस्ट आहे. भाषण येत नाही. रिपोर्ट देतो." आणि त्यांनी त्या माशाचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला.

मी त्यांना सदतीस वर्षं ओळखत होतो. ते डोळे मिटून चावत होते, हळूहळू, लॅबमध्ये चाखायचे तसंच. गिळलं. म्हणाले, "नमुना क्रमांक एक. खारट. धुराचा वास. कडवटपणा नाही. माणसाच्या खाण्यायोग्य." मग करंगळी भरडीत बुडवून जिभेवर ठेवली. "नमुना क्रमांक दोन. माणसाच्या खाण्यायोग्य नाही." पाणीसुद्धा प्याले नाहीत. म्हणाले, "आपण नमुना एकचा नमुना दोन करतो. ऊस गाळला तर कुणाचं जेवण जात नाही. आपण तिथं लोकांची भाकरी गाळतोय. गाळप हा शब्द मी लिहिला होता. चूक माझी. ठराव एवढाच आहे की रोज पहिल्या होड्या किनाऱ्यावरच्या बायकांना मिळाव्यात, मग आपला कारखाना चालावा."

कुणी ओरडलं नाही, कुणी अपमान केला नाही. विलास उठून नम्रपणे म्हणाला की साहेबांबद्दल आदर आहे, पण मासळी कमी आली तर मशिनरी बसून राहील. मग पुकारा झाला, ठराव नामंजूर असणाऱ्यांनी हात वर करावेत.

माझ्या एका बाजूला माझा मेहुणा, दुसऱ्या बाजूला व्याही. दोघांचे हात वर गेले. माझा हात माझ्या मांडीवर होता, मला आठवतंय. मग तोही वर होता. मधलं काही मला आठवत नाही. साहेब स्टेजवरून हात मोजत होते, सवयच होती मोजायची. मोजत मोजत माझ्यापर्यंत आले, क्षणभर थांबले आणि पुढं गेले. मलाही मोजलं त्यांनी.

तेवढ्यात टेबलावर माईकशेजारी ठेवलेला त्यांचा फोन वाजला. दीड वाजला होता. सगळ्या हॉलभर ती घरघर दोनदा घुमली आणि बंद झाली. लोकांना वाटलं, कुणाचा तरी फोन. हात अजून वरच होते.

पारनेरहून थोरल्या बंधूंचा निरोप आला, अभक्ष्य भक्षण केलंस, प्रायश्चित्त घे. साहेबांनी उलट निरोप धाडला, प्रायश्चित्तच होतं ते. माझ्याशी ते पूर्वीसारखेच बोलायचे. तेच जास्त लागायचं. एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी त्यांच्याकडं जाणं कमी केलं, आणि गेलो तरी दीडच्या आत उठून यायचो. पण घरी माझं घड्याळ मला सोडत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस ते स्वतः माझ्या दारात आले. हातात पेढ्यांचा पुडा. "कदम, तीन दिवस झाले, वाजला नाही." चेहरा कसा उजळला होता. मी आत जाऊन देवापुढं पेढा ठेवला. माझ्यावरचंच काहीतरी उतरल्यासारखं वाटलं मला. गल्लीत बातमी झाली, निसळ साहेबांचा शब्द फळला. गयाबाई आता पार वाकलीय, तीसुद्धा येऊन म्हणाली, "मी सांगतच हुते, सायेबाचा शबुद हाय."

आठवडा गेला. एका सकाळी मी गेलो तर साहेब ओसरीवर बसलेले, पुड्यातले उरलेले पेढे तसेच कडक झालेले. म्हणाले, "कदम, न वाजणं हा पुरावा नाही." मला समजलं नाही. "मी काल स्वतः लावला. तिचा फोन बंद आहे. परवाही बंद होता." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "चाचणीच चुकीची मांडली मी. चांगलं झालं तर गप्प बसायचं, असं सांगितलं तिला. पण माणूस संपलं तरी गप्पच बसतं. पहिल्या वर्षाच्या पोरानं ही चूक केली असती तर मी त्याला लॅबबाहेर काढला असता." आणि उठून हात धुवायला गेले.

पंधरा दिवसांत ते परत तिकडं निघाले. मुलगी पुण्याहून येऊन रडली, भांडली, शेवटी तिनंच बॅग भरली. राहुरीच्या स्टँडवर मी एकटाच पोचवायला होतो. शर्टाच्या खिशात ती चामड्याची पिशवी. गाडी लागली, ते खिडकीशी बसले. मी खाली उभा. मला बोलायचं होतं. त्या दिवशी माझा हात का वर गेला ते मला अजून कळलेलं नाही, एवढंच सांगायचं होतं. पण साहेबांनीच खिडकीतून हात बाहेर काढून माझं मनगट धरलं. त्याच हाताचं.

"तुझा नंबर पाठ केलाय मी," ते म्हणाले. "रोज किनाऱ्यावर मी स्वतः बघणार. आता चाचणी नीट मांडलीय. बायकांना होडी नाही मिळाली, तर एक मिस कॉल. मिळाली, तर दोन. लागोपाठ दोन."

"आणि साहेब, वाजलाच नाही तर?"

कंडक्टरनं घंटी मारली. साहेब माझ्याकडं बघत राहिले, नमुना बघायचे तसं. मग म्हणाले, "अबराका, कदम." गाडी वळली, खिडकीतला पांढरा हाफ शर्ट मला बराच वेळ दिसत होता.

त्यानंतर एकदाच ते फोनवर बोलले. फातूची भट्टी मोडलेली, तिच्या जाळ्या कुणीतरी कुंपणाला लावलेल्या. ती आत, नदीच्या वरच्या अंगाला बहिणीकडं भुईमूग काढायला गेलीय म्हणतात. फोन तिनं विकला. मी म्हणालो, "मग साहेब, तुम्ही परत या. जिला शब्द दिला तीच तिथं नाही." पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता, बायकांचं बोलणं येत होतं. ते म्हणाले, "शब्द तिला एकटीला नव्हता दिला. अजून अकरा भट्ट्या आहेत."

याला आता दोन हंगाम झाले. माझे शेअर माझ्याकडंच आहेत. घ्यायला गिऱ्हाईक आहे, पण विकले तर त्या सभेत हात वर करायचा हक्कही जाईल. दोन्ही सभांना मी ठराव मांडला. पहिल्या वर्षी माझा एकट्याचा हात होता. यंदा व्याह्यांचाही होता.

रोज ताट वाढलेलं असतं, फोन ताटाशेजारी. दीडला वाजतो. एकच मिस कॉल, जरासा घरघरतो आणि गप्प होतो. बायको आतून विचारते, "आला का?" मी म्हणतो, "आला." साहेब आहेत, एवढं कळतं. मग ती म्हणते, "जेवा मंग, गार व्हतंय." मी म्हणतो, "थांब जरा. अजून एक येतोय का बघू."